परसदाराची चौकट आणि वरची भिंत

(दृश्य: सांगली, गावभाग. माडीच्या जुन्या घराची मागची बाजू.)

परड्यात उघडणारा हा चार फळ्यांचा दरवाजा. रुंदी सहा फूट, चौकट सागाची, वर कोरलेली गणेशपट्टी. 2005, 2019 आणि 2021. तिन्ही पुरांत कृष्णेचं पाणी या उंबऱ्यावरून आत आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलाजवळ पातळी 57 फुटांवर पोचली होती, आणि धोक्याची पातळी आहे 45 फूट. असं पाणी घरात तुंबून राहिलं की लाकूड फुगतं, वाळताना पिळवटतं आणि विटांच्या सांध्यांतली माती धुऊन निघते. आता घरच्यांना इथं ॲल्युमिनियमचा सरकता काचेचा दरवाजा हवाय. उजेड येईल, पुन्हा पाणी आलं तरी कुजणार नाही. मागणी रास्त आहे.

"एका दिवसात जुनं काढून नवं बसवून देतो," असं सांगणारेही भेटतात. माडीच्या घरात असं कुणी बोललं की धडकी भरते.

(दृश्य: गणेशपट्टीखाली ताणून धरलेली दोरी.)

ही दोरी पाहा. दोन्ही टोकांना पट्टी दोरीला टेकलीय, मधे मात्र ती दोरीला खाली दाबतेय. घरातल्या काकू सांगतात, "दार वरनं अडकायचं, म्हणून दोनदा रंधा मारून घेतला." मिस्त्री चौकटीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला तडा दाखवतात. "काकू, दार वाढलं नव्हतं. वरची भिंत बसत आलीया."

मूळ रचनेत वरच्या भिंतीचा भार चौकटीवर नसतोच. चौकटीच्या वर, भिंतीच्या जाडीत, आडवी लाकडं शेजारीशेजारी टाकलेली असतात. भार ती पेलतात. इथं भिंत दीड फुटी आणि लाकडं तीन. बाहेरचं ठणठणीत दिसतं. मधल्यात मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. म्हणजे इतकी वर्षं भिंत या सागाच्या चौकटीनंच धरून ठेवलीय, आणि आपण काढायला निघालोय तीच चौकट.

भार किती असेल? भिंत धड असेल तर विटा एकमेकींवर कमानीसारख्या रेलतात. दाराच्या रुंदीवर एक समभुज त्रिकोण कल्पा. तेवढ्याच विटांचं वजन खाली येतं, बाकीचं बाजूच्या भिंतींत उतरतं. सहा फुटी दार, दीड फूट जाडी, म्हणजे या त्रिकोणाचं वजन बाराशे किलोच्या आसपास. पण सांधे धुऊन निघालेल्या भिंतीत या कमानीवर विसंबून चालत नाही. शिवाय माडीच्या कड्या, म्हणजे वरची जमीन पेलणारी आडवी लाकडं, याच त्रिकोणात टेकल्यात, त्यामुळे वरच्या खोलीतली माणसं, कपाटं, धान्याचे डबे हे सगळं त्यात आलं. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरनं जागेवर येऊन पाहिल्याशिवाय इथं छन्नी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: तड्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे ठिपके, शेजारी पेन्सिलीनं तारखा.)

ठिपका फुटला, तर भिंत हलली. काम सुरू होण्याआधी हे ठिपके लागले.

मग टेकू. पहिली रांग घराच्या आत, भिंतीपासून तीन फुटांवर, म्हणजे भिंतीपाशी काम करायला जागा राहते. कड्यांखाली आडवी तुळई, तिच्याखाली लोखंडी जॅक. जॅक थेट शहाबादी फरशीवर ठेवले तर फरशी तडकते आणि टेकू खचतो. खालची माती तर पुराचं पाणी प्यायलेली. म्हणून तळाशी जाड, लांब फळी टाकलीय, भार पसरायला.

दुसरा आधार खुद्द भिंतीला. चौकटीवरच्या जुन्या लाकडांच्या जागी नवा लोखंडी गर्डर बसणार आहे. तो जिथं बसणार त्याच्या वर भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यातून लोखंडी चॅनेल घालायचा आणि आत-बाहेर दोन्ही टोकांना जॅक लावायचे. भोकं दोन-दोन फुटांवर, पण एका वेळी एकच. चॅनेलच्या वरची फट मसाल्यानं ठासून भरली आणि तो घट्ट झाला, की मगच पुढचं भोक. ब्रेकर मशीन इथं बंद. तिच्या हादऱ्यानं मातीतल्या विटा सुटतात. छन्नी-हातोडा, सावकाश.

(दृश्य: चौकटीचे उभे खांब मधोमध कापले जातात.)

चौकट निघाली. ठिपके शाबूत आहेत.

गर्डरची टोकं मऊ विटांवर टेकवली तर विटा चिरडतात. म्हणून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच आत काँक्रीटचे ठोकळे ओतून पिकू दिले. त्यांवर दोन गर्डर शेजारीशेजारी ठेवून बोल्टनं बांधले. गर्डर आणि जुनी भिंत यांच्यामधली फट ही साऱ्या कामाची कळ आहे. पातळ मसाला ओतला तर तो आकसतो, फट उरते आणि जॅक काढताच भिंत तेवढी खाली येते. इथं सिमेंट-वाळू जेमतेम ओलसर, मुठीत दाबली तर गोळा होईल एवढीच, लाकडी ठोकळ्यानं ठासून भरलीय. आठवडाभर ओल धरली. आता जॅक एकदम मोकळे होणार नाहीत. आळीपाळीनं, थोडे थोडे, आणि दर फेरीला नजर ठिपक्यांवर.

गणेशपट्टी काकूंनी जपून ठेवायला सांगितलीय.

काचेचा दरवाजा आल्यावर त्याची फ्रेम गर्डरला भिडवायची नाही. वर अर्ध्या इंचाची फट ठेवून ती फोमनं भरायची, म्हणजे गर्डर कधी जरासा वाकला तरी भार काचेवर येणार नाही.