वाचनालयाची किल्ली

[गल्लीतलं लाकडी दार. हातात किल्ली.]

संध्याकाळचे पावणेसहा. कुलूप जुनं आहे, किल्ली दोनदा फिरवावी लागते. आत शिरल्या शिरल्या ताई आधी खिडक्या उघडतात. दिवसभर कोंडलेला डांबरगोळ्यांचा वास बाहेर पडला की मग दिवे. वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला त्या स्टुलावर चढतात. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी.

ताई या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. त्या सरकारी नोकर नाहीत. त्यांना नेमलं ते या लोकांनी.

[रविवार सकाळ. सतरंजीवर कार्यकारी मंडळाची सभा.]

निवृत्त गुरुजी अध्यक्ष, किराणा दुकानदार कार्यवाह, बाकी शेतकरी, एक आशाताई, एक एसटीतून निवृत्त झालेले वाहक. कुणालाच मानधन नाही. चहाही आळीपाळीने घरून येतो.

ही इतिवृत्ताची वही. पान पिवळं पडलंय, पण अक्षर वाचता येतं. ‘विषय क्रमांक 3: ग्रंथपाल नेमणूक.’ खाली सूचक, अनुमोदक, ‘ठराव एकमताने मंजूर’. ही एक ओळ लिहिण्याआधी मंडळाने बरंच काही केलं होतं. बाहेरच्या फळ्यावर जाहिरात लावली. चार अर्ज आले. ग्रंथालय व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे का, वर्गीकरण येतं का, संध्याकाळी थांबणं जमेल का, हे सगळं विचारून झालं. मग गुरुजींनी विचारलं, “तुम्ही शेवटचं वाचलेलं पुस्तक कोणतं? जरा सांगा त्याबद्दल.” ताई बोलत राहिल्या, आणि पुढचे प्रश्न राहूनच गेले.

लोकांनी वाचनालय काढायचं आणि लोकांनीच ग्रंथपाल नेमायचा, ही रीत या मातीत जुनी आहे. याच जिल्ह्यात, रत्नागिरीत, 1828 साली नगर वाचनालय सुरू झालं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. ग्रंथालयांचा कायदा देशात सर्वांत आधी केला तोही कोल्हापूर संस्थानाने, 1945 मध्ये. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. तमिळनाडू, कर्नाटकात लोकांच्या मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी थोडा जादा कर, म्हणजे उपकर, घेतला जातो. आपल्या कायद्यात उपकर नाही. सरकार वर्ग ठरवून अनुदान देतं, आणि कारभार, नेमणूक, हिशेब सगळं संस्थेच्या मंडळाकडे राहतं. म्हणून सतरंजीवर बसलेल्या या माणसांचं काम मोठं आहे. वाचनालय कसं चालेल हे त्यांनी कुणाच्या हाती किल्ली दिली यावर ठरतं, आणि किल्ली दिल्यावर ते त्या माणसाशी कसे वागतात यावरही.

[टेबलावर नोंदवह्यांची चळत.]

जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून तपासणीला साहेब येतात, तेव्हा या वह्या उघडतात. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद, जमाखर्च. वह्या नीट असायलाच हव्यात आणि ताईंच्या आहेतही. पण ग्रंथपालाचं काम तेवढ्यावर जोखलं, तर हे दृश्य कुठल्या रकान्यात बसवायचं? पाहा. सातवीतला मुलगा पुस्तक परत करतोय. ताई मधलं दुमडलेलं पान सरळ करतात, तारखेचा शिक्का मारतात, आणि तो काही बोलायच्या आत दुसरा भाग त्याच्यापुढे ठेवतात.

या मंडळाला ते कळलंय. गुरुजी महिन्यातून एक संध्याकाळ काउंटरवर बसतात आणि स्वतः देवघेव करतात. तपासायला म्हणून बसत नाहीत, मदतीला बसतात. पण त्या दोन-तीन तासांत त्यांना जे दिसतं ते अहवालात कधीच येत नाही.

पुस्तकखरेदीवरून एकदा चांगलंच वाजलं होतं. एका सदस्यांना ओळखीच्या लेखकाचा संच घ्यायचा होता. ताईंनी वाद घातला नाही, मागणी वही पुढे ठेवली. ही वही. वाचक हवं ते पुस्तक इथे लिहून जातात, काही नोंदी पेन्सिलीने, काही शाळकरी अक्षरात. तेव्हापासून खरेदीची यादी ग्रंथपालांनी करायची आणि मंडळाने मंजूर करायची, असा ठरावच झाला. पैसा किती खर्चायचा ते मंडळ सांगेल. कोणतं पुस्तक, ते ताई. प्रत्येक गावात ही रेघ अशीच आखली गेली पाहिजे.

पगाराचं म्हणाल, तर 2022 मध्ये 60 टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या वाचनालयाचं अनुदान वर्षाला 30,000 वरून 48,000 रुपये झालं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला, तर महिन्याला 2,000 रुपये होत होते.

[पुन्हा सभा. संध्याकाळ. ट्यूबलाइट.]

या वर्षी विषयपत्रिकेवर एक नवा विषय आला: ‘ग्रंथपालांच्या कामाचा आढावा.’ कार्यवाहांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आढावा ताईंच्या समोर घ्यायचा, पाठीमागे नाही. वर्षभरात काय जमलं, काय अडलं, मंडळाकडून काय हवंय, ते ताईंनी आधी कागदावर लिहून आणायचं. मग मंडळाने बोलायचं.

ताई वाचतायत. मुलांचे नवे सभासद. गळणारं कौल. फाटलेल्या पुस्तकांची बांधणी. शेवटी मंडळाकडे मागणी, एकच: वरच्या कप्प्यांसाठी लोखंडी शिडी.

गुरुजी वही पुढे ओढतात. “सूचक कोण?”

[सात हात वर.]