लिंक विभागाखाली नको, कामाखाली हवी

नमस्कार. शेअरपॉइंट, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत संकेतस्थळ (इंट्रानेट) बनवण्याची मायक्रोसॉफ्टची प्रणाली, या विषयावरील मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला की त्याला स्वतंत्र उत्तर देणे भाग आहे. कार्यालयाच्या इंट्रानेटच्या मुख्य पानावर साठ-सत्तर लिंक्स साचल्या आहेत आणि कोणाला काही सापडत नाही, तर त्यांची फेरमांडणी कशी करावी?

तांत्रिक भाग लवकर आटोपतो. पान उघडून ‘एडिट’ दाबावे, ‘क्विक लिंक्स’ हा वेब पार्ट (पानावर बसवायचा तयार भाग) जोडावा, लिंक्स ओढून हव्या त्या क्रमाने लावाव्यात आणि ‘रिपब्लिश’ करावे. काही बिघडलेच, तर ‘व्हर्जन हिस्टरी’मधून जुने पान परत आणता येते. टाइल्स घ्याव्यात की यादी, या प्रश्नावर माझे मत यादीच्या बाजूने आहे, कारण तिच्यात नावाखाली एक ओळ वर्णन लिहिता येते, आणि ती ओळ पुढे कामाला येणार आहे. आयकॉन कोणते वापरावेत, असे विचारणारे बरेच आहेत. त्यांना विनंती अशी की आयकॉनला द्यायचा वेळ आधी नावांना द्यावा.

खरी अडचण शीर्षकांची आहे. बहुतेक पानांवर मनुष्यबळ, वित्त, प्रशासन आणि माहिती तंत्रज्ञान अशी शीर्षके असतात आणि प्रत्येक लिंक ज्या विभागाची, त्या विभागाखाली जाऊन बसते. आता पुण्याच्या कार्यालयातून दोन दिवसांसाठी नागपूरला निघालेल्या माणसाचे काय होते, ते पाहा. दौऱ्याची मंजुरी मनुष्यबळाखाली, तिकीट प्रशासनाखाली, आगाऊ रक्कम वित्ताखाली आणि परतल्यावर भरायचे बिल पुन्हा वित्ताखालीच, पण ‘प्रतिपूर्ती दावा प्रपत्र’ या नावाने. माणूस एक, दौरा एक, आणि पानावर मात्र त्याला चार ठिकाणी हिंडावे लागते. याऐवजी ‘दौऱ्यावर जाताना’ असे एक शीर्षक करून मंजुरी, तिकीट, आगाऊ रक्कम आणि बिल या चार लिंक्स याच क्रमाने लावल्या, तर विचारायला कोणी उठून जाणार नाही. संस्था जे काही रचते त्यात तिच्या अंतर्गत संवादाच्या रचनेचीच नक्कल उतरते, असे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 साली मांडले होते. आपली इंट्रानेटची पाने त्याला रोज पुरावा देत असतात.

हीच गोष्ट फोनच्या बाजूने पाहू. मी जिथे इंट्रानेटचे पान सांभाळत असे, तिथे दोन आठवडे हेल्पडेस्कवर येणाऱ्या फोनमधील शब्द वहीत उतरवून घेतले. ‘प्रतिपूर्ती’ हा शब्द एकानेही उच्चारला नाही. “टूरचं बिल कुठे टाकायचं?”, “पगाराची स्लिप दिसत नाहीये,” “फॉर्म सोळा आला का?” हे शब्द लोकांचे होते. फॉर्म 16 देण्याची मुदत 15 जून असल्यामुळे त्या आठवड्यात फोन थांबत नसत, आणि पानावर ती लिंक होती ‘वैधानिक अनुपालन’ या शीर्षकाखाली! ज्या नावाने माणूस फोनवर विचारतो, तेच नाव लिंकला द्यावे.

“सर्च असताना लिंक्सची मांडणी हवीच कशाला?” अशी एक प्रतिक्रिया नेहमी येते. सर्चमध्येही माणूस ‘टूर बिल’ असेच टाइप करणार, आणि पानावर किंवा फाइलमध्ये तो शब्द कुठेच नसेल, तर सर्च तरी काय शोधून देणार?

तिसरी बाजू मानापमानाची आहे. “सर, आमचे वित्त विभागप्रमुख ऐकणार नाहीत, विभागाचे नाव पानावर दिसलेच पाहिजे,” असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. मुख्य पान म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, की कोणाचे नाव गळले तर तो रुसून बसावा. तरीही वाद घालत बसू नये. यादीतील ती वर्णनाची ओळ इथे उपयोगी पडते: वर ‘टूरचे बिल भरा’, खाली बारीक अक्षरांत ‘वित्त विभाग’. एवढ्यावरही कोणाचे समाधान होत नसेल, तर प्रत्येक लिंकचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून वेगवेगळ्या विभागांतील लोकांना त्या चिठ्ठ्यांचे गट पाडायला सांगावे. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2004 साली अशा चाचणीसाठी पंधरा माणसे सुचवली होती. लोकांनी पाडलेले गट टेबलावर मांडून दाखवले की विभागप्रमुखांशी बोलणे सोपे जाते.

‘येथे क्लिक करा’ हे तर लिंकचे नावच नव्हे. आमचे एक दृष्टिहीन सहकारी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे सॉफ्टवेअर, वापरत. त्यात इन्सर्ट आणि एफ 7 दाबल्यावर पानावरील सगळ्या लिंक्सची यादी समोर येते. त्यांनी मला शेजारी बसवून ती यादी ऐकवली, आणि त्यात ‘येथे क्लिक करा’ सलग अकरा वेळा ऐकू आले.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका शनिवारी रात्री मी सगळी मांडणी एकदम बदलली. सोमवारी सकाळी हजेरी नोंदवायला आलेल्या लोकांनी सवयीने तिसऱ्या लिंकवर क्लिक केले आणि त्यांच्यासमोर रजेचा अर्ज उघडला. निवृत्तीला आलेले एक लेखापाल माझ्या टेबलाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “रात्रीतून कोणी माझे खण बदलून ठेवले, तर मी पेन कुठे शोधायचे?” तेव्हापासून सर्वाधिक वापराच्या पाच लिंक्स मी जागच्या हलवत नाही, बाकीच्या दोन टप्प्यांत हलवतो आणि ‘जुनी मांडणी’ नावाची लिंक महिनाभर तळाशी ठेवतो.

सर्वाधिक वापराची लिंक अंदाजाने ठरवू नये, साइटच्या वापराची आकडेवारी पाहावी. आमच्याकडे पहिला क्रमांक कॅन्टीनच्या मेनूचा निघाला. तो पानाला शोभत नाही, म्हणून काढून टाकावा, अशी सूचना वरून आली होती. मी तो काढला नाही. उलट त्याच्या बरोबर वरच्या जागी नव्या परिपत्रकांची लिंक लावली, आणि जेवणात काय आहे ते पाहायला आलेले लोक परिपत्रकेही उघडू लागले. मेनू साडेदहाच्या आत पानावर चढवायला मात्र कॅन्टीनवाले शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.