काळ्या रानातला राज्यमार्ग

किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा आहे, म्हणजे हा राज्यमार्ग. मंगळवेढ्याची ही काळी रानं मालदांडी ज्वारीची. पावसाळ्यात मुरलेलं पाणी ही माती धरून ठेवते आणि त्याच ओलीवर रब्बी पिकते. रस्त्याखाली मात्र हीच ओल घात करते.

ओली झाली की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. डांबराच्या मधल्या भागाखाली ओल फारशी हलत नाही. कडेला ती सतत कमीजास्त होते. म्हणून ही पाहा, कडेपासून दोन-तीन फुटांवर रस्त्याच्या लांबीने गेलेली भेग.

काळ्या मातीवर थेट खडी पसरायची नसते. आधी न फुगणाऱ्या मुरमाचा साठ सेंटिमीटर ते एक मीटर भराव. तोही एकदम नाही, वीस-वीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला बेताचं पाणी आणि रोलर. इथे कसर राहिली, तर वरचं डांबरी कारपेट कितीही जाड घाला, रस्ता लाटांसारखा होतोच.

मग उतार. साडेपाच मीटर रुंद डांबराचा मध्य कडेपेक्षा सुमारे सात सेंटिमीटर उंच हवा. साइडपट्टीला उतार त्याहून जास्त, मीटरला तीन-चार सेंटिमीटर. साइडपट्टी खचली की डांबराची कड उघडी पडते. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला की दुसऱ्या गाडीचं चाक खाली उतरतं आणि कड तुटते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र तुंबलेल्या गटाराने होतं. शेतात वाट हवी म्हणून गटारात माती लोटली जाते, खाली नळा घातला जात नाही. पाणी अडतं आणि रस्त्याच्या पोटात शिरतं. वाट हवीच, पण नळ्यावरून. नळाही गटाराच्या तळाला बसवायचा. उंच बसवला, तर मागे डबकं राहतं.

पाइपलाइनच्या चराचंही तसंच. नुसती माती लोटून चर बुजवला की पहिल्याच पावसात तिथे आडवा खड्डा. मुरूम थराथराने ठोकून भरायचा. आणि पाणी नेणारा पाइप मोठ्या नळ्यातून ओवायचा, म्हणजे पाइप फुटला तरी रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही.

गटारं जूनच्या आधी मोकळी व्हायला हवीत. साइडपट्टीचा मुरूम पाऊस सरल्यावर, ओल असतानाच दाबायचा, साखर कारखान्याचा बॉयलर पेटून उसाच्या ट्रॉल्या सुरू होण्याआधी.