साखळी टाका

नमस्कार श्रोतेहो. तांदळाचं शिवलेलं पोतं कधी उघडलंय? बरोबर टोक हाती लागलं की तोंडाची सगळी शिवण सर्रकन उसवते. चुकीचं टोक ओढत बसलात, तर शेवटी कात्रीच घ्यावी लागते. ती शिवण म्हणजे साखळी टाका. तिथे तो मशीनवर घातलेला असतो, आज आपण हातानं घालू.

कापड सुती घ्या, मांजरपाट असेल तर उत्तम. लडीच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले तीन घ्या. पण एकेक करून सोडवा, एकदम ओढलेत तर गुंता ठरलेला. दोरा हातभरच. पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांबलचक घेतला, की तो पिळतो आणि गाठी बसतात.

पेन्सिलीनं रेघ मारा. मागे गाठ ठेवून सुई रेघेवर वर काढा. दोरा डाव्या अंगठ्याखाली दाबून धरा. आता सुई त्याच भोकात घाला आणि तांदळाच्या दाण्याएवढं अंतर सोडून टोक रेघेवर बाहेर काढा. थांबा, ओढू नका! अंगठ्याखालचा दोरा सुईच्या टोकाखालून घ्या, मग ओढा. झाली एक कडी. पुढच्या वेळी सुई या कडीच्या आत, दोरा निघालाय तिथेच घालायची. वळणावर कड्या जरा आखूड घ्या.

कृती पाच मिनिटांत येते, ओढायचा अंदाज यायला मला महिना लागला. पहिल्या अभ्र्यावर वेल काढली, तर कड्या आवळून नुसती दोरी झाली आणि कापडाला चुण्या. आजी एवढंच म्हणाली, “अगं, गळा दाबू नकोस तिचा.” शिवाय शेवटची कडी मी तशीच सोडली होती. पहिल्याच धुण्यात निम्मी वेल उसवली, त्या पोत्यासारखी! म्हणून शेवटच्या कडीच्या डोक्यावरून एक बारीक टाका घालून ती बांधायची.

कच्छचे मोची हीच साखळी सुईऐवजी आरीनं, म्हणजे आकड्याच्या टोच्यानं, घालत आले. आधी चामड्यावर, मग रेशमावर. त्यांच्या हाताचा वेग आपल्याला यायचा नाही, ते सोडा.

रेघ संपली? कापड उलटून बघा. मागे टीप मारल्यासारखी सलग ओळ दिसायला हवी. मध्ये फट असेल, तर तिथे तुमची सुई आधीच्या भोकात गेलेली नाही.