चार खटके

(काळा पडदा, फक्त आवाज. मग पिस्तुलाच्या घोड्यावर टेकलेला अंगठा.)

ऐकलेत? या पिस्तुलाचा घोडा अंगठ्याने मागे ओढताना एकामागून एक चार खटके येतात. पहिला सुरक्षेच्या खाचेचा. दुसऱ्यावर घोडा अर्ध्यात थांबतो आणि काडतुसांच्या सहा घरांचा सिलिंडर मोकळा फिरतो. तिसऱ्याला सिलिंडर अडवणारी खीळ त्याच्यावर येऊन टेकते. चौथ्याला घोडा पुरता ताणलेला. आता चापाकडे काम एकच, हा घोडा सोडायचं. म्हणून हे सिंगल अ‍ॅक्शन. पुढच्या गोळीसाठी पुन्हा अंगठा आणि पुन्हा तेच चार खटके.

रचना कोल्ट कंपनीची, १८७३ ची. हे पिस्तूल मात्र इटलीत घडलेलं आहे.

(दरी, नदी, कारखान्यांची छपरं.)

ब्रेशिया शहरातून उत्तरेला, मेल्ला नदीच्या काठाकाठाने वर गेलं की गार्दोने व्हाल त्रोम्पिया लागतं. लोखंडावर जगलेलं खोरं. १५२६ साली इथल्या बार्तोलोमेओ बेरेत्ताने व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या १८५ नळ्या दिल्या, त्या व्यवहाराचा कागद अजून शाबूत आहे. हे पिस्तूल आल्दो उबेर्तींच्या कारखान्याचं. त्यांनी तो १९५९ मध्ये इथेच काढला. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती. त्या लढाया त्याच वेशात पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींना त्या काळची हत्यारं हवी होती, पण शंभर वर्षं जुन्या लोखंडातून बार काढायची हिंमत कोण करणार? अमेरिकेतले व्यापारी वॅल फॉर्गेट मागणी घेऊन या खोऱ्यात पोचले. पहिली प्रत झाली १८५१ च्या ‘कोल्ट नेव्ही’ या पिस्तुलाची. पुढे इटालियन वेस्टर्न चित्रपटांतल्या नायकांच्या कमरेलाही इथलीच पिस्तुलं लटकली.

याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोलाद आजचं आहे, पण वळण तेच, वजन तेच, खटकेही तेच.

(मूठ. अगदी जवळून.)

ही मूठ पाहा. अक्रोडाचं लाकूड, नांगराच्या रुमण्यासारखं वळलेलं. १८७३ च्या पिस्तुलाला ती आली १८५१ च्या नेव्हीकडून. बार उडाला की मूठ तळव्यात किंचित सरकते, नळी वर उचलली जाते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. धक्का मनगटावर आदळत नाही, हातातून फिरून जातो.

आणि हा सांगाड्यावरचा रंग. निळा, तपकिरी, मध्येच मोरपिशी. जुन्या पद्धतीत हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात सांगाडा पुरून लाल होईपर्यंत तापवायचा आणि एकदम पाण्यात सोडायचा. पोलादाची कातडी टणक होते, आणि रंग उमटतात ते त्या ओघात. दोन सांगाडे कधी सारखे निघत नाहीत.

(काडतुसं भरणारे हात. निवेदन सावकाश.)

घोडा अर्ध्यावर. उजवीकडची झडप उघडली. एक काडतूस भरायचं, एक घर सोडायचं, मग चार भरायची. घरं सहा, काडतुसं पाच. घोडा पुरता ताणायचा आणि अंगठ्याने धरून रिकाम्या घरावर अलगद टेकवायचा, कारण जुन्या रचनेत भरल्या घरावर टेकलेल्या घोड्याला दणका बसला तर गोळी सुटते. घाई इथे चालतच नाही. मला या पिस्तुलात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

मूळ पिस्तुलाने अमेरिकेच्या पश्चिमेत माणसं मारली, तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या लष्करी मोहिमांतही ते होतं. ही प्रतही खरं हत्यार आहे, भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

(इथे निवेदन नाही. पाच बार. मग रिकामी पुंगळी एकेक करून दांडीने बाहेर ढकलणारा हात.)

(कारखान्याचं टेबल. पिस्तुलाच्या पोटावरचा शिक्का.)

विकायला जाण्याआधी प्रत्येक पिस्तूल गावातल्याच सरकारमान्य चाचणी केंद्रात जातं. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात. टिकलं तर हे बारीक शिक्के बसतात. चौकटीतली ही दोन अक्षरं म्हणजे चाचणीचं वर्ष.

(कापडाने पुसून खोक्यात. झाकण.)