वाटी समोर पाहिजे

[बिड्या वळणारे हात]
निपाणी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. या मावशींचं आयुष्य मांडी घालून बिड्या वळण्यात गेलं. आता मांडी घालवत नाही. उजवा गुडघा बदलायचं ठरलंय.

[बेळगाव, एक्स-रेची खोली]
त्याआधी ही एक्स-रेची फिल्म. खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्खा पाय, उभ्यानं, अंगाचा भार देऊन. मावशी अनवाणी फळीवर चढतात. टेक्निशियन कानडीत काहीतरी पुटपुटतो, मग मराठीत: "मावशी, वाटी समोर पाहिजे. पाऊल कसंबी असू दे."
"सरळच हाय की रे!"
तो खाली बसतो, दोन बोटांनी गुडघ्याची वाटी चाचपतो, टाच जराशी फिरवतो. मशीन खुबा, गुडघा, घोटा अशी तीन चित्रं घेतं, कॉम्प्युटर ती जोडतो. मावशी मधेच हलल्या तर जोडावर हाडाची कड सरकलेली दिसते.

[पडद्यावरच्या रेघा]
खुब्याच्या गोळ्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य, घोट्याचा मध्य. दोन रेघा, त्यांच्यातला कोन. १८० अंश म्हणजे पाय सरळ. एक डॉक्टर मोजतात. दुसरे त्यांचा आकडा न बघता पुन्हा मोजतात. आकडे बहुधा जवळजवळ येतात, आणि इथंच सगळे खूश होतात. पण उभं करतानाच पाय फिरला असेल, तर दोघंही तोच चुकीचा आकडा अगदी काटेकोर मोजतात.

मावशींचा गुडघा पुरता ताठ होत नाही. असा वाकलेला पाय बाहेर वळला, की फिल्मवर आहे त्याहून जास्त धनुष्यासारखा दिसतो. आत वळला, की उलटं. नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं बघा: पाय बाहेर वळला की ते नडगीमागं दडतं. या पहिल्या फिल्मवर ते दिसतच नाही. म्हणून फिल्म परत काढली. दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं.

सीटी स्कॅन? नवा सांधा कुठल्या बाजूला वळून बसलाय ते तोच नीट सांगतो, पण तो निजवून काढतात, पायावर भार नसतो. नुसत्या गुडघ्याच्या छोट्या फिल्मवर खुबा येत नाही. मग मांडीच्या हाडाची रेघ आणि खुब्याच्या मध्याकडे जाणारी रेघ यांच्यात ५ ते ७ अंशांचा फरक गृहीत धरून हिशेब करायचा. मांडीचं हाडच बाकदार असेल तर तो हिशेब फसतो.

सांधा फार वाकडा बसला तर त्यातलं प्लास्टिक एका अंगाला लवकर झिजू शकतं. सर्जन सरळ रेघेपासून ३ अंशांच्या आत नेम धरतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०१० मध्ये ३९८ गुडघ्यांची १५ वर्षांची नोंद मांडली. त्यात ३ अंशांच्या आतले गुडघे जास्त टिकल्याचं दिसलं नाही. तो वाद सर्जननी घालावा. वाद घालायलाही फिल्म धड लागते.

[वॉर्ड]
ऑपरेशन झालं. त्या खोलीत आमचा कॅमेरा नेऊ दिला नाही. मावशींची पुढची लांब फिल्म आत्ता नाही. सूज आणि दुखण्यानं गुडघा ताठ होत नाही, आकडा पुन्हा फसवेल. दीड-दोन महिन्यांनी निपाणीहून परत एक फेरी.