राईएवढी गोळी

नमस्कार, श्रोतेहो. फोडणीच्या डब्यातली मोहरी डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या एका टपोऱ्या दाण्याएवढी, जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाची एक पोकळ गोळी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत वापरतात. लेसरने अणुसंमीलन, म्हणजे हलके अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवणं, घडवल्याची बातमी आली की कौतुक होतं ते 192 लेसर झोतांचं. गोळीचं नाव कोणी काढत नाही, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

गोळीचं कवच हिऱ्याचं. वहीच्या पानाइतकं पातळ. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला सिलिकॉनच्या बारीक मण्यावर वायूतून हिऱ्याचा थर चढवतात, तो घासून गुळगुळीत करतात, मग एक सूक्ष्म भोक पाडून आतलं सिलिकॉन विरघळवून काढून टाकतात. उरतं ते रिकामं कवच. त्याच भोकात केसाहून कितीतरी बारीक नळी बसवून हायड्रोजनची दोन जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, आत भरतात आणि उणे 254 अंशांच्या आसपास गोठवतात.

आता हा बर्फ आतून सगळीकडे सारखा बसवायचा कसा? इथे ट्रिटियमच मदतीला येतं. ते किरणोत्सारी, म्हणून स्वतःची थोडी ऊब बाळगून असतं. थर जिथे जाड तिथे ऊब जास्त. तिथला बर्फ उडतो आणि पातळ जागी जाऊन बसतो. थर आपला आपण सारखा होतो. मला तर या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

लेसर गोळीवर थेट पडत नाही. तो पडतो गोळीभोवतीच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या डबीवर, आतल्या बाजूने. तिथून क्ष-किरण निघतात, कवचाचा बाहेरचा भाग उडून जातो आणि उरलेलं कवच सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने आत दबतं. त्या दाबाने आतलं इंधन, म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, तापतं आणि संमीलन घडतं. उकडीच्या मोदकाची पारी एका बाजूला पातळ राहिली तर काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे. इथेही तेच. कवचावरचा एखादा खळगा, आतला एखादा पोकळ बुडबुडा, दाब वाढताना फोफावतो आणि कवचाचा हिरा इंधनात घुसून ते थंड करतो. राईचा पर्वत म्हणतात तो हा. इंधन भरायची ती नळीसुद्धा अशीच नडते, म्हणून ती 10 मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 5 आणि मग 2 मायक्रॉनवर आणली.

ऑगस्ट 2021 मध्ये 1.3 मेगाजूल ऊर्जा मिळाली. सगळे खूश. तोच प्रयोग पुन्हा केला, तर जास्तीत जास्त निम्मी आली! गोळ्या तितक्या निर्दोष नव्हत्या. मग आराखडा बदलला: कवच किंचित जाड केलं, म्हणजे बारीकसारीक खोट खपून जाईल, आणि ते ढकलायला लेसरची ऊर्जा थोडी वाढवली. 5 डिसेंबर 2022 ला 2.05 मेगाजूल लेसर आत गेला आणि 3.15 मेगाजूल बाहेर आले.

आपल्या वीजबिलाच्या हिशेबात ते एक युनिटही भरत नाही, आणि लेसर चालवायला 300 मेगाजूलच्या आसपास वीज लागली होती. वीजकेंद्र करायचं तर सेकंदाला दहाएक गोळ्या उडवाव्या लागतील, म्हणजे दिवसाला साडेआठ लाखांहून जास्त. आज एकेक गोळी सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून, खळगे मोजून निवडतात.